अर्ज पोचला, उत्तर कुणी द्यायचं?

नागरिकांच्या अर्जांचा विचार करणाऱ्या राज्यसभेच्या याचिका समितीनं सप्टेंबर २०१३ मध्ये सरकारला सांगितलं, की ईपीएस-९५ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन दरमहा तीन हजार रुपये तरी करा. सरकारनं १ सप्टेंबर २०१४ पासून ती केली एक हजार. पुढे दशकभराहून अधिक काळ तो आकडा तिथेच राहिला. तीन हजारांचे एक हजार का झाले, हे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून सांगावं, असं कसलंही बंधन समितीच्या अहवालामुळे येत नाही. याचिका समितीच्या कामातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि ती दूर करायला घटनादुरुस्ती लागत नाही.

आधी हा एक हजाराचा आकडा जवळून पाहू. या योजनेचा हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. समजा, एखादा कामगार २०१० च्या अखेरीस निवृत्त झाला, हिशेबात धरायचा पगार चार हजार, योजनेतली सेवा १५ वर्षं. १९९५ पूर्वीच्या सेवेचा भाग वेगळा ठेवला तर त्याची महिन्याची पेन्शन येते ८५७ रुपये. हिशेबात कुणाची चूक नाही, कारकुनानं आकडे बरोबर मांडलेत. मालकाच्या १२ टक्के वर्गणीतले ८.३३ टक्के या योजनेत जातात, केंद्र सरकार स्वतःचे १.१६ टक्के घालतं, आणि एकदा ठरलेली पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. म्हणजे ज्याची पेन्शन सूत्रानं ८५७ रुपयेच बसते, त्याच्यावर अन्याय झाला असेल तर तो नियमामुळे झाला आहे, नियम मोडल्यामुळे नाही. भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात त्यानं कितीही खेटे घातले, तरी तिथल्या अधिकाऱ्याला सूत्रातला ७० चा आकडा बदलता येत नाही. न्यायाधिकरणालाही नाही. अशा माणसानं जायचं कुठे? संसदेकडे. आणि संसदेत सामान्य नागरिकानं स्वतःच्या सहीनं शिरायचं दार एकच आहे, ते म्हणजे याचिका समिती.

हे दार जुनं आहे. तेव्हाच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश काळातल्या केंद्रीय विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, १५ सप्टेंबर १९२१ ला मांडलेल्या एका ठरावात या समितीचं मूळ सापडतं. २० फेब्रुवारी १९२४ ला ती ‘सार्वजनिक याचिका समिती’ म्हणून अस्तित्वात आली आणि १९३१ मध्ये तिचं नाव ‘याचिका समिती’ झालं. आज लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत १०. लोकसभेत अध्यक्ष त्यांची नेमणूक करतात, राज्यसभेत सभापती. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळात हीच समिती ‘विनंती अर्ज समिती’ म्हणून ओळखली जाते. विधानसभेत उपाध्यक्ष आणि परिषदेत उपसभापती तिचे प्रमुख असतात.

याचिका कशी जाते, हे फारच थोड्यांना माहीत असतं. लोकसभेच्या नियम १६० प्रमाणे तीन प्रकारच्या विषयांवर याचिका देता येते: मांडलेलं किंवा प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहापुढे असलेल्या कामाशी संबंधित बाब, आणि सर्वसाधारण लोकहिताचा प्रश्न. नमुना नियमांच्या पहिल्या परिशिष्टात छापलेला आहे. वर ‘लोकसभेस’, मग अर्जदाराचं नाव, थोडक्यात वस्तुस्थिती, आणि शेवटी नेमकी प्रार्थना, म्हणजे मागणी. खाली तक्ता: नाव, पत्ता, सही. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. सोबत पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कागदपत्रं जोडायची नाहीत. भाषा सभ्य आणि संयमी हवी. खासदार ती सभागृहात सादर करणार असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. खासदार मिळाला नाही तर ती महासचिवांकडे पाठवता येते आणि महासचिव सभागृहाला तसं कळवतात. सादर करताना खासदारानं एवढंच म्हणायचं, की अमुक जणांनी सही केलेली, अमुक विषयावरची याचिका मी सादर करतो. त्यावर चर्चा होत नाही, नियमातच तशी मनाई आहे. तिथून ती समितीकडे जाते.

साच्यात न बसणाऱ्या पत्रांना आणि निवेदनांनाही समितीचं दार बंद नाही. ती निवेदनं म्हणून घेऊन पुढे काय करायचं ते समिती ठरवू शकते. पण निनावी पत्र तिथे चालत नाही. आणि आपल्याकडे सर्रास होणारी एक गोष्टही चालत नाही: जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र, खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून अकरा नावं, त्यातलं आठवं नाव याचिका समितीचं. समितीकडून काय हवं ते स्पष्ट मागितलेलं नसेल तर अशी नक्कल फायलीला लागते आणि तिथेच संपते. प्रत पाठवल्याचं समाधान मिळतं, बाकी हाती काही लागत नाही.

याचिका फसते ती बहुतेकदा प्रार्थनेच्या परिच्छेदात. चार पानं व्यथा मांडलेली असते आणि शेवटी ‘तरी प्रवाशांचे हाल थांबवावेत ही विनंती’. हे वाक्य खात्याकडे अभिप्रायासाठी गेलं, की खातं पाच वर्षांत केलेल्या सुधारणांची यादी पाठवतं आणि ‘प्रवाशांच्या सोयीसाठी प्रशासन सदैव प्रयत्नशील आहे’ असं लिहून मोकळं होतं. त्या उत्तराला समितीनं काय म्हणायचं? मागणीच मोघम असेल तर उत्तर मोघम आल्याची तक्रार कुणाकडे करणार? तीच याचिका अशी लिहून पाहा: ‘कोकण रेल्वेच्या ज्या स्थानकांवर फलाट डब्याच्या दारापेक्षा खाली आहे, त्या सर्व स्थानकांची यादी, प्रत्येक ठिकाणची सध्याची उंची आणि काम पूर्ण करण्याची तारीख रेल्वे मंत्रालयानं सभागृहापुढे ठेवावी, अशी शिफारस समितीनं करावी.’ आता खात्याला यादी द्यावी लागते. यादी आली की तारीख विचारता येते. तारीख टळली की पुन्हा बोलावता येतं. कोण, काय, कशाच्या आधारे आणि केव्हापर्यंत, या चार गोष्टी प्रार्थनेत आल्या तर ती याचिका समितीला पुढे चालवता येते.

सह्यांच्या कागदांचंही तसंच. मागणी पहिल्या पानावर आणि नंतर नुसत्या सह्यांची कोरी पानं, असा गठ्ठा तयार करू नये. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी दोन ओळींत लिहावी, म्हणजे ‘सही कशावर केली ते माहीत नव्हतं’ असं कुणी म्हणू शकत नाही. आणि एका याचिकेत एकच खातं असावं. पाणी, वीज, रस्ता आणि रेशन एकत्र बांधलं तर चार खात्यांकडून चार उत्तरं येतात, चौथं यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तोवर पहिलं शिळं झालेलं असतं.

आता नियम १६० मधली मेख. लोकहिताचा प्रश्न असला तरी चार बाबतींत याचिका घेता येत नाही. विषय न्यायालयाच्या, चौकशी न्यायालयाच्या, न्यायाधिकरणाच्या किंवा आयोगाच्या कक्षेतला असेल तर. तो राज्याच्या विधिमंडळात मांडायचा असेल तर. त्यावर स्वतंत्र प्रस्ताव किंवा ठराव आणता येत असेल तर. आणि त्यावर कायद्यानं, नियमांनी किंवा उपविधींनी उपाय दिलेला असेल तर. पहिल्या दोन अटी समजण्यासारख्या आहेत. चौथी अट मात्र फार रुंद आहे. आज ग्राहक आयोग आहेत, सेवा न्यायाधिकरणं आहेत, लोकपाल आहे, माहिती आयोग आहेत, प्रत्येक खात्याचा तक्रार निवारण अधिकारी आहे. ज्यावर कागदोपत्री कसलाच उपाय नाही असं गाऱ्हाणं या देशात शोधून तरी सापडेल का? चौथी अट शब्दशः लावली तर याचिकेला जागाच उरत नाही.

या अटीचा योग्य अर्थ वर पेन्शनच्या हिशेबात दिसला आहे. कारकुनानं १५ ऐवजी १३ वर्षं धरली असतील तर तो माणूस न्यायाधिकरणाकडे जावा, समितीनं त्यात पडू नये. पण ७० नं भागणं हेच चुकीचं आहे, किमान रक्कमच अपुरी आहे, असं त्याचं म्हणणं असेल तर ‘उपाय उपलब्ध आहे’ असं सांगून त्याला परत पाठवणं म्हणजे त्याला फसवणं आहे. नियम नीट लागू झाला की नाही हा प्रश्न न्यायाधिकरणाचा. नियम बरोबर आहे की नाही हा प्रश्न विधिमंडळाचा. ही रेघ नियमातच स्पष्ट लिहायला हवी. आणि याचिका नाकारली तर कुठल्या पोटकलमाखाली नाकारली आणि उपलब्ध असलेला उपाय नेमका कोणता, हे अर्जदाराला लेखी कळलं पाहिजे. ‘नियमात बसत नाही’ एवढ्या तीन शब्दांत माणसाची बोळवण करू नये.

स्वीकारलेल्या याचिकेचं पुढे काय होतं? समिती खात्याकडून लेखी अभिप्राय मागवते. तो पटला नाही तर खात्याच्या सचिवांची साक्ष होते. गरज पडली तर अर्जदारांनाही बोलावतात, ठिकाणाला भेट देतात. माणसं आणि कागदपत्रं बोलावण्याचा अधिकार समितीला आहे. एखादा कागद उघड झाल्यानं राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं सरकारनं म्हटलं तरच तो अडू शकतो. ही साक्ष फार मोलाची असते. वाहिन्यांवरच्या चर्चेत जो प्रश्न कधी विचारला जात नाही, तो इथे विचारता येतो: आकडा कुठून आला, फाईल कोणत्या तारखेला कुणाकडे गेली, अर्थखात्याचा नेमका आक्षेप काय. इथे पक्षही पुष्कळदा मागे पडतो. ईपीएस-९५ वरच्या अहवालाच्या वेळी समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे २०१९ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ते तेव्हा विरोधी बाकांवरचे होते. समितीचा अहवाल मात्र सगळ्या समितीचा असतो.

अडचण सुरू होते ती अहवाल सादर झाल्यावर. सरकार कार्यवाहीचं टिपण पाठवतं. संसदीय समित्यांच्या रिवाजाप्रमाणे त्या उत्तरांचे चार ढीग होतात: सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, सरकारचं उत्तर पाहून समितीनं सोडून दिलेल्या, ज्यांवरचं उत्तर समितीला मान्य नाही अशा, आणि ज्यांवर अंतिम उत्तर अजून यायचं आहे अशा. वाचकानं कधी असा कार्यवाही अहवाल हातात घेतला तर सरळ तिसरा आणि चौथा ढीग उघडावा. तिथे ‘विचाराधीन आहे’, ‘संबंधितांशी विचारविनिमय सुरू आहे’, ‘शिफारशीची नोंद घेण्यात आली’ ही वाक्यं भेटतात. ‘नोंद घेण्यात आली’ म्हणजे नकार. नुसता ‘नाही’ म्हटलं की कारण द्यावं लागतं, म्हणून हा शब्द वापरतात. समिती नापसंती लिहिते, अहवाल पटलावर येतो आणि विषय तिथे थांबतो. त्यावर सभागृहात चर्चा ठेवलीच पाहिजे असं नाही.

समान श्रेणी, समान पेन्शनचं उदाहरण घेऊ. याच समितीनं, याच अध्यक्षांच्या काळात, डिसेंबर २०११ मध्ये माजी सैनिकांच्या याचिकेवर अहवाल दिला. एकाच श्रेणीतून, सारख्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्या सैनिकांना निवृत्तीची तारीख कोणतीही असो, सारखी पेन्शन मिळावी, ही व्याख्या त्या अहवालानं ठळक केली. पुढच्या सगळ्या आंदोलनाला त्या व्याख्येचा आधार होता. सरकारनं सप्टेंबर २०१५ मध्ये योजना जाहीर केली, ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, अंमल १ जुलै २०१४ पासून. पण पेन्शनची फेरजुळणी दर पाच वर्षांनी ठेवली. माजी सैनिकांचं म्हणणं होतं, की ही समितीची व्याख्या नव्हे, समितीला फरक आपोआप भरून निघणं अपेक्षित होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ मार्च २०२२ ला न्यायालयानं सरकारची योजना वैध ठरवली आणि कोश्यारी समितीच्या अहवालाबद्दल सांगितलं, की त्यातून या मागणीची पार्श्वभूमी कळते, पण तो सरकारच्या धोरणाचं विधान मानता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीनं न्यायालय बरोबर आहे. समिती म्हणजे सरकार नव्हे. मग ज्या माणसानं संसदेवर भरवसा ठेवून अर्ज केला, ज्याचं म्हणणं संसदेच्या समितीनं साक्षी घेऊन मान्य केलं, त्याच्या हातात शेवटी काय उरलं? न्यायालयात ‘पार्श्वभूमी’ म्हणून उल्लेख. समितीतल्या त्या दहा जणांचं म्हणणं सरकारनं कुठे आणि का सोडलं, हे संसदेतच सांगितलं गेलं असतं तर माजी सैनिकांना ते न्यायालयात शोधावं लागलं नसतं.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे समितीच्या शिफारशी बंधनकारक करा. तो चुकीचा आहे. याच राज्यसभेच्या याचिका समितीनं २००९ मध्ये, वेंकय्या नायडू अध्यक्ष असताना, शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या विरोधातल्या याचिकेवर अहवाल दिला आणि शाळांत लैंगिक शिक्षण नको अशी शिफारस केली. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या आरोग्याकडे पाहता ती शिफारस चूक होती. ती बंधनकारक असती तर दहा सदस्यांनी देशभरातल्या शाळांचा प्रश्न एका अहवालात निकालात काढला असता. याचिका देणारा नेहमी बरोबर असतो असं नाही, समितीही नाही. म्हणून शिफारस मानण्याची सक्ती नको. सक्ती हवी ती कारण देण्याची, सभागृहात, ठरलेल्या तारखेला.

दुसरा सुचणारा उपाय सह्यांच्या संख्येचा. ब्रिटनमध्ये २०१५ पासूनच्या पद्धतीत संकेतस्थळावरच्या याचिकेला १० हजार सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. २०१९ मध्ये युरोपीय संघ सोडण्याची प्रक्रिया मागे घ्या, या याचिकेवर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. १ एप्रिल २०१९ ला तिच्यावर चर्चा झाली आणि सरकारनं नाही म्हटलं. आकडा मोठा असला म्हणून होकार मिळत नाही, हे त्यात दिसलं. पण नकार मिळाला तो सगळ्यांसमोर, शब्दांत मिळाला. आपल्याकडे सह्यांची अट घातली तर ज्यांच्याकडे फोन, नेट आणि प्रचाराचं यंत्र आहे त्यांच्याच याचिका वर येतील. ज्या गावात पन्नास उंबरे आहेत त्यांनी एक लाख सह्या आणायच्या कुठून? स्कॉटलंडच्या संसदेत एका सहीची याचिकाही चालते, आणि ते योग्य आहे. जर्मनीत संविधानाचं कलम १७ प्रत्येकाला याचिकेचा हक्क देतं, कलम ४५-सी याचिका समिती नेमायला लावतं, आणि निर्णय झाला की अर्जदाराला तो थोडक्या कारणांसह कळवावा लागतो. आपण घ्यायचं ते हे शेवटचं. सह्या मोजत बसण्यापेक्षा एका सहीलाही कारणासह उत्तर देणारी पद्धत आपल्याला जास्त उपयोगाची आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुठल्याही व्यक्तीला गाऱ्हाणं दूर करण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे वा प्राधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. लोकसभेला द्यायची याचिका मात्र हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर अर्जदारानं सही करायची. म्हणजे बुलढाण्यातल्या पेन्शनरानं आधी भाषांतरकार शोधायचा आणि स्वतःला न वाचता येणाऱ्या मजकुरावर सही करायची. सही हा याचिकेचा प्राण आहे, तीच अशी आंधळी करून कशी चालेल? सभागृहात खासदार मराठीत बोलला तर त्याच वेळी अनुवाद ऐकवण्याची सोय संसदेनं केली आहे. खासदाराच्या भाषणासाठी जे करता येतं, ते नागरिकाच्या दोन पानी अर्जासाठीही करता आलं पाहिजे. अनुवादाचं काम सचिवालयाचं असावं.

खरं तर परक्या संसदेला मराठी मुलखातून अर्ज जायला लागून पावणेदोनशे वर्षं होत आली. १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी लाड जिच्यात पुढे होते, आणि तिनं ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाआधी ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं १८७० च्या दशकात हिंदुस्थानला पार्लमेंटमध्ये थेट प्रतिनिधी मिळावेत म्हणून हजारो सह्यांचा अर्ज पाठवला. त्या माणसांना मत नव्हतं, म्हणून विनवणीच करावी लागत होती. आजच्या अर्जदाराला मत आहे. तरी लोकसभेच्या छापील नमुन्यात अर्जदार अजून ‘नम्र’ आहे आणि शेवटी सदैव प्रार्थना करत राहण्याचं वचन देतो. ती ओळ काढून टाकावी आणि तिथे लिहावं: ‘या याचिकेवरचं उत्तर अर्जदारांना वरील पत्त्यावर द्यावं.’

महाराष्ट्रात भाषेची अडचण नाही, अडचण वेगळी आहे. कामकाजाच्या क्रमात ‘विनंती अर्ज सादर करणे’ ही बाब असते, आमदार एका वाक्यात अर्ज सादर करतात आणि तो समितीकडे जातो. एसटीची फेरी, पाझर तलाव, अनुदानित शाळेतले पगार, गावठाणाची मोजणी, असे रोजच्या जगण्यातले विषय इथे येऊ शकतात. पण पीठासीन पदावरच्या व्यक्तीकडे अर्ज घेऊन गेलं की बहुतेकदा दालनात बैठक लागते. अधिकारी येतात, निर्देश दिले जातात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी ‘प्रश्न मार्गी’ अशी बातमी येते. अशा बैठकीत काम झटपट होतं आणि अर्जदाराला त्याचा आनंद होणं साहजिक आहे. पण दालनातल्या बैठकीचा अहवाल सभागृहात येत नाही. तिथे दिलेला शब्द अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्याबरोबर जातो. समितीपुढची साक्ष नोंदली जाते, अहवाल छापला जातो, पुढच्या सचिवालाही तो लागू राहतो. ज्या शाळेचा पगार दालनातल्या बैठकीनं सुटला, तिच्या शेजारच्या शाळेला पुन्हा नवा आमदार आणि नवं दालन शोधावं लागतं. म्हणून एकाच स्वरूपाचे अर्ज तीनपेक्षा जास्त आले की तो विषय दालनात न मिटवता समितीपुढे साक्षीला लावायचा, असा दंडक विनंती अर्ज समित्यांनी स्वतःसाठी घालून घ्यावा.

लोकसभेच्या समितीची मुदत वर्षाची असते आणि लोकसभा विसर्जित झाली की समितीही संपते. अपुऱ्या कामाची टिपणं पुढच्या समितीला मिळतील अशी नियमात सोय आहे, पण ‘तुमचा अर्ज नव्या समितीनं पुढे घेतला’ किंवा ‘घेतला नाही’ हे अर्जदाराला कळवण्याची खात्री नाही. प्रत्येक याचिकेला एक क्रमांक आणि त्या क्रमांकासमोर तारखेसह सद्यःस्थिती, एवढं संकेतस्थळावर मांडणं आज अवघड नाही. रेल्वेच्या तिकिटाची प्रतीक्षा यादी फोनवर दिसते, तशीच अर्जाची दिसावी.

आणि मुख्य दुरुस्ती. लोकसभेच्या अध्यक्षांच्या निर्देशांमध्ये २००४ पासून ७३-अ हा निर्देश आहे. खात्यांशी निगडित स्थायी समित्यांच्या अहवालांतल्या शिफारशींच्या अंमलबजावणीची स्थिती संबंधित मंत्र्यानं दर सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करून सांगायची, असं तो म्हणतो. या निर्देशाच्या कक्षेत याचिका समितीचे अहवालही आणावेत. राज्यसभेनं आणि महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी आपापल्या नियमांत तसंच करावं. विधेयक लागत नाही, बहुमताचा प्रश्न येत नाही, पीठासीन अधिकाऱ्यांच्या एका आदेशानं हे होऊ शकतं. सोबत एक पोटवाक्य हवं: जी शिफारस सरकारनं मानली नाही तिचं कारण त्याच निवेदनात असेल, आणि निवेदनाची प्रत पहिल्या सहीच्या अर्जदाराला टपालानं जाईल.

हा नियम २०१३ मध्ये असता तर ईपीएस-९५ च्या अहवालानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे मार्च २०१४ च्या आसपास, कामगार मंत्र्यांना राज्यसभेत तीन हजारांबद्दल बोलावं लागलं असतं. सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार ठरल्यावर पुढच्या निवेदनात उरलेल्या दोन हजारांचा हिशेब द्यावा लागला असता: निधीत पैसा नाही म्हणून, की १.१६ टक्क्यांचा वाटा वाढवायचा नाही म्हणून. त्यानंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा. बुलढाण्यात पेन्शनरांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं, तोवर अशी आठ-नऊ निवेदनं कामकाजात नोंदली गेली असती, आणि मंडपात बसलेल्यांच्या हातात त्यांच्या प्रती असत्या.